गावच्या फौजींच्या आठवणी : आपल्या मुलांनी करावयाचे काम



बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या बहुतेक गावांत एखादा तरी माजी सैनिक असतोच. कारखान्याच्या गेटावर किंवा बँकेच्या दारात उभा असलेला वॉचमन पुष्कळदा पेन्शनवर आलेला फौजी असतो. आपण ‘रामराम मेजर’ म्हणतो आणि पुढं जातो. तो कोणत्या साली कोणत्या सरहद्दीवर होता, तिथं त्यानं काय पाहिलं, हे बऱ्याच वेळा त्याच्या नातवालाही ठाऊक नसतं. ही माहिती टिकवायची कशी, आणि ते काम आपली शाळा-कॉलेजची मुलं कशी करू शकतील, याचा विचार या लेखात केला आहे.

प्रथम वयाचा हिशेब पाहू. १९६२ च्या चीन युद्धात जो वीस वर्षांचा होता, त्यानं आज ऐंशी केव्हाच ओलांडली आहे. १९७१ साली विशीत असलेला जवान पंचाहत्तरीच्या घरात आहे. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वजन घटतं आणि उताराही उतरतो. आठवणींचंही तसंच आहे. आज नावागावासकट सांगणारा माणूस दोन वर्षांनी नुसतं “लई दिवस झालं” एवढंच म्हणेल.

नोंद न ठेवल्यानं काय होतं, याचा दाखला आपल्याच मुलखात आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारनं महाराष्ट्रातल्या काही गावांत दगडी पाट्या बसवल्या. या गावातून इतके जण लढाईला गेले आणि त्यांतले इतके कामी आले, एवढाच त्यांवरचा मजकूर. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे गाव तर ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखलं जातं, कारण त्या युद्धात त्या एका गावचे ४६ जवान पडले. आकडा दगडावर राहिला. पण ती माणसं बोटीवर कशी चढली, थंडीत कशी राहिली, घरी काय निरोप धाडले, हे फारसं कुणी लिहून ठेवलं नाही.

त्याच युद्धात जर्मनांच्या हाती सापडलेल्या भारतीय सैनिकांना बर्लिनजवळच्या वुन्सडॉर्फच्या छावणीत ठेवलं होतं. तिथं जर्मन पंडितांनी भाषांचा अभ्यास करण्यासाठी त्यांचे आवाज तबकड्यांवर उतरवून घेतले. शंभर वर्षांनंतरही ते आवाज बर्लिनच्या हम्बोल्ट विद्यापीठात ऐकायला मिळतात. परक्यांनी आपल्या कामासाठी का होईना नोंद केली, म्हणून ती राहिली.

अमेरिकेत या कामाला कायद्याचा आधार आहे. तिथल्या संसदेनं ऑक्टोबर २००० मध्ये कायदा करून माजी सैनिकांच्या आठवणी गोळा करण्याचं काम लायब्ररी ऑफ काँग्रेस या राष्ट्रीय ग्रंथालयाकडं सोपवलं. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की मुलाखती घेणारे सगळे काही इतिहासाचे प्राध्यापक नाहीत. दहावी आणि पुढच्या वर्गातली मुलंही हे काम करतात. मुलाखत किमान अर्ध्या तासाची हवी असा नियम आहे. आजवर एक लाखाहून अधिक सैनिकांच्या आठवणी तिथं जमा झाल्या आहेत.

आपल्याकडं २०२१ पासून संरक्षण आणि शिक्षण मंत्रालयांमार्फत ‘वीरगाथा’ उपक्रम चालतो. त्यात शाळेतली मुलं शौर्यपदक मिळवलेल्या वीरांवर निबंध, कविता, चित्रं करतात. उपक्रम चांगलाच आहे. पण पदक न मिळालेला ड्रायव्हर, लंगरवाला किंवा बिनतारी संदेशवाला त्यात येत नाही, आणि आपल्या गावचे बहुतेक फौजी याच वर्गातले. पदकवाल्यांचीही दखल कधीकधी उशिरा घेतली जाते. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक जिंकून आले. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली, आणि घरोघरी नाव पोचलं ते २०२४ च्या सिनेमामुळं. साध्या शिपायावर कोण सिनेमा काढणार? त्याची नोंद गावानंच केली पाहिजे.

आता काम कसं करावं ते पाहू. उसाची नोंद देताना आपण गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख सांगतो. तसंच इथंही करावं.

१. सुरुवातीलाच नाव, गाव, जन्मसाल, पलटण, हुद्दा, भरतीचं आणि निवृत्तीचं साल मोठ्यानं बोलून घ्यावं. त्या दिवसाची तारीख आणि मुलाखत घेणाऱ्याचं नावही सांगावं.

२. मोबाईलवर आवाज चांगला उतरतो. पंखा आणि टीव्ही बंद करावा, फोन जवळ ठेवावा. एका बैठकीत तासाभरापेक्षा जास्त ताणू नये.

३. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर येईल असे प्रश्न टाळावेत. “लढाईत भीती वाटली का?” यापेक्षा “त्या रात्री काय काय झालं, ते सांगा” असं विचारावं. भरतीला कसे गेलात, पहिला पगार किती, पत्र किती दिवसांनी यायचं, हेही विचारावं. भीमाकाठच्या माणसाला, उजनीच्या पाण्यात गाव गेलं तेव्हा तुम्ही कुठं होता, हे विचारायला विसरू नये.

४. घरच्या बाईलाही बोलतं करावं. नवरा सरहद्दीवर असताना १९७२ च्या दुष्काळात मनिऑर्डरवर घर कसं चाललं, खडी फोडायला कोण गेलं, सुकडी कशी मिळायची, हे तिलाच माहीत. वीरपत्नींची नोंद तर आधी घ्यावी.

५. डिस्चार्ज बुक, पदकं, जुनी पत्रं यांचे फोटो काढावेत आणि मूळ कागद लगेच परत द्यावेत. ते पाहताना पत्नीचं नाव आणि जन्मतारीख आधारकार्डाशी जुळते का, तेही पाहावं. नावातल्या फरकामुळं पुढं कुटुंब पेन्शन अडकते. फरक दिसल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात वेळीच जाऊन दुरुस्ती करून घ्यावी.

काही पथ्यंही पाळली पाहिजेत. आधी लेखी संमती घ्यावी. सोबती डोळ्यांदेखत गेला, अशा आठवणी उकरून काढू नयेत. माणूस थांबला तर आपणही थांबावं. लष्करी गुपितात मोडेल असं काही विचारू नये. आणि परवानगीशिवाय एकही तुकडा व्हॉट्सअॅपवर टाकू नये.

नुसतं फोनमध्ये ठेवलेलं टिकत नाही. फोन बिघडला की सगळं गेलं. म्हणून तीन प्रती कराव्यात : एक त्या घरी, एक शाळा-कॉलेजच्या ग्रंथालयात, एक ग्रामपंचायतीत किंवा वाचनालयात. मुलांनी ऐकून वहीत उतरवून काढलं तर उत्तमच. भाषा मात्र सुधारू नये. फौजी जसा बोलला, तसंच लिहावं.

दिवाळीच्या सुट्टीत मुलं घरी असतात आणि गळीत हंगामाची धावपळ पुरती सुरू झालेली नसते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातही हे काम बसतं. एका मुलानं एका फौजीची नोंद घेतली तरी गावचं काम एका सुट्टीत होईल. सभासदांनी एवढंच करावं : आपल्या गावातले सैनिक आणि वीरपत्नी यांची यादी वयाप्रमाणे करून ती शाळेच्या मास्तरांकडं द्यावी, आणि सर्वांत थोरल्या माणसाच्या घरी मुलांना स्वतः घेऊन जावं.