फ्लॉपीच्या बंद झालेल्या चिपची नवी घडण

फ्लॉपी डिस्क कंट्रोलर ही संगणक आणि फ्लॉपी ड्राइव्ह यांच्यामध्ये बसणारी चिप. हेड कोणत्या ट्रॅकवर न्यायचे, हवा तो सेक्टर कसा ओळखायचा, चकतीवरून येणाऱ्या स्पंदांतून मजकूर कसा काढायचा, हे सगळे ती पाहते. वेस्टर्न डिजिटलची 1770 मालिका, एनईसीची 765 आणि इंटेलची 8271 या त्यातल्या गाजलेल्या चिप. त्यांचे उत्पादन केव्हाच थांबले. त्यामुळे जुने संगणक चालते ठेवणारे अभियंते या चिपचे काम एफपीजीए या प्रोग्रामेबल चिपमध्ये नव्याने उतरवतात.

भारतीयांना यातली 8271 जवळची वाटावी. 1984-85 मध्ये शाळांत संगणक नेणारा ‘क्लास’ प्रकल्प सुरू झाला, तो बीबीसी मायक्रो या ब्रिटिश यंत्रावर. या यंत्राच्या मॉडेल बी ला फ्लॉपी जोडायची, तर मुळात 8271 बसवावी लागे. ती महाग होती आणि पुढे मिळेनाशी झाली. 1985 च्या बी प्लस मॉडेलमध्ये हे यंत्र बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीने तिच्या जागी 1770 घेतली. नवी चिप दुप्पट घनतेने लिहू शकत होती, पण तिच्या आज्ञा वेगळ्या होत्या. डिस्क फायलिंग सिस्टिममार्फत फाइल मागणारे प्रोग्राम चालले. 8271 ला थेट आज्ञा देणारे मात्र अडले. नक्कल होऊ नये म्हणून डिस्कवर चमत्कारिक सेक्टर ठेवणारे खेळ त्यांत बरेच होते. काम तेच करणारी चिप पुरत नाही, वागणूकही तीच लागते, हे तेव्हाच दिसून आले.

1770 मालिकेचे प्रोसेसरकडील रूप साधे आहे. दोन पत्तारेषांवर आज्ञा व स्थिती, ट्रॅक, सेक्टर आणि डेटा अशी रजिस्टरे दिसतात. हा भाग व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएल या हार्डवेअर-वर्णनाच्या भाषांमध्ये लिहिणे फारसे अवघड नाही. खरी कसोटी स्पंदांतून बिट वेगळे काढणाऱ्या डेटा सेपरेटरची. दुप्पट घनतेच्या साडेतीन इंची डिस्कवर सेकंदाला 2,50,000 बिट येतात आणि दोन स्पंदांमधले अंतर 4, 6 किंवा 8 मायक्रोसेकंद असते. मोटरचा वेग किंचित हलतो, शेजारचे स्पंद एकमेकांना सरकवतात. म्हणून एफपीजीएतील परिपथाला स्पंदांची चाल सतत मोजून आपले घड्याळ जुळवत राहावे लागते. सेक्टर कोठे सुरू होतो हे ओळखण्यासाठी ए1 या बाइटमधला एक घड्याळ-स्पंद मुद्दाम गाळलेला असतो. ही खूण सापडली की पुढचा मजकूर वाचून 16 बिटांच्या सीआरसी या पडताळा-संख्येने तपासला जातो.

एफपीजीएच्या पिना बहुधा 3.3 व्होल्टच्या, जुने बोर्ड 5 व्होल्टचे. मध्ये व्होल्टेज जुळवणाऱ्या चिप घालाव्याच लागतात. जुने संगणक एफपीजीएत उभे करणाऱ्या मिस्टरसारख्या प्रकल्पांत डिस्कची प्रतिमा एसडी कार्डावरून पुरवतात. तिथे स्पंद वाचण्याचा प्रश्नच उरत नाही, पण खऱ्या ड्राइव्हसाठी ती वाट अपुरी आहे.

बारीकसारीक फरक इथे फार महाग पडतात. 1770 आणि 1772 जवळपास सारख्याच. पण हेड सरकवण्याच्या वेळांपैकी दोन 1770 मध्ये 20 आणि 30 मिलिसेकंद आहेत, तर 1772 मध्ये 2 आणि 3. अटारी एसटीत 1772 आहे. तिच्या जागी 1770 सारखे वागणारे डिझाइन बसवले, तर हेड कूर्मगतीने सरकेल. असे फरक माहितीपत्रकात तरी छापलेले असतात. आज्ञा मध्येच तोडली तर स्थितीचे बिट नेमके केव्हा बदलतात, हे मात्र मूळ चिपला लॉजिक अॅनालायझर लावूनच खात्रीने कळते.

प्रोग्रामेबल चिपही बंद होतात. झायलिंक्सची 5 व्होल्टची एक्ससी9500 मालिका त्याच वाटेने गेली. तरीही व्हेरिलॉगमधले वर्णन हाती असले की ते नव्या चिपवर नेता येते. या कामाचे सर्वांत मोठे मोल यातच आहे. मात्र वर्णन पडताळायला मूळ चिप लागतेच. शाळेच्या किंवा कार्यालयाच्या अडगळीत असा जुना संगणक असेल, तर तो भंगारात देण्याआधी त्याचा बोर्ड अवश्य काढून ठेवावा.