एक्झिक्युटरने मृत्युपत्राला हरकत घ्यावी काय?

मृत्युपत्राला आपल्या मराठवाड्यात अजून पुष्कळ घरांत वसियतनामा म्हणतात. त्यात शेवटी बहुधा एक ओळ असते : ‘या मृत्युपत्राची अंमलबजावणी अमक्याने करावी.’ हा अमका म्हणजे एक्झिक्युटर. मयताचे देणे फेडणे, येणे वसूल करणे आणि उरलेले ज्याचे त्याच्या पदरात घालणे हे त्याचे काम. आता समजा, सेलूकडच्या एका शेतकऱ्याने थोरल्या मुलाला एक्झिक्युटर नेमले आणि सारी स्वकष्टार्जित जमीन धाकट्याच्या नावे केली. थोरल्याची खात्री अशी की, सही झाली तेव्हा वडील शुद्धीवर नव्हते. त्याने काय करावे?

नेमणूक झाली म्हणून तो बांधला गेला, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नव्हे. मृत्युपत्र करणाऱ्याने आपल्याला विचारलेही नसेल. दुसऱ्याच्या लेखणीने आपल्या मानेवर जू कसे बसेल? १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात एक्झिक्युटरला हे पद नाकारण्याची मुभा आहे. न्यायाधीशासमोर तोंडी किंवा सहीनिशी लेखी नकार देता येतो. मात्र एकदा नकार दिला की पुढे त्याच मृत्युपत्राचे प्रोबेट, म्हणजे ते शाबीत झाल्याचा कोर्टाचा दाखला, त्याला कधीही मागता येत नाही. नकारानंतर थोरला मुलगा उरतो तो केवळ वारस म्हणून, आणि वारस या नात्याने हरकत घेण्याचा त्याचा हक्क शाबूत असतो. एक्झिक्युटर वारस नसून नुसता स्नेही किंवा वकील असेल, तर गोष्ट निराळी. मिळकतीत ज्याचा हितसंबंध नाही, त्याला हरकतदार होता येत नाही. त्याने पद सोडावे आणि बोलावणे आल्यास खरी साक्ष द्यावी.

अडचण होते ती दोन्ही दगडांवर पाय ठेवणाऱ्याची. प्रोबेटच्या अर्जात एक्झिक्युटर प्रतिज्ञेवर सांगतो की, हे मयताचे अखेरचे मृत्युपत्र असून ते रीतसर झालेले आहे. असे सांगून दाखला घेतल्यावर तेच मृत्युपत्र बनावट आहे असे म्हणू लागल्यास कोर्ट त्याला त्याचीच प्रतिज्ञा दाखवील. हिंदू माणसाच्या मृत्युपत्राला मुंबई शहरात दीर्घकाळ प्रोबेटची सक्ती होती. परभणीकडच्या जमिनीला ती कधीच नव्हती. म्हणून इकडे पुष्कळदा कागद थेट तलाठ्याकडे जातो आणि फेरफार होतो. पण थोरल्याने स्वतःच तो कागद पुढे करून सातबारावर धाकट्याचे नाव लावून घेतले, तर हेही वर्तन पुढे त्याच्याविरुद्ध पुराव्यात येते. त्याच कागदाने मिळालेली एखादी खोली त्याने ठेवून घेतली असेल, तर बाजू आणखी लंगडी. कागदाचे गोड तेवढे घ्यावे आणि कडू टाकावे, हे न्यायालयाला रुचत नाही.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. प्रोबेट घेतल्यावर मयताच्या पेटीत नंतरच्या तारखेचे दुसरे मृत्युपत्र सापडले, तर योग्य कारणास्तव प्रोबेट रद्द होऊ शकते. तेथे एक्झिक्युटरने गप्प न बसता कागद कोर्टापुढे ठेवावा. तसेच मृत्युपत्रातील एखादी ओळ संदिग्ध असेल आणि तिचा अर्थ कोर्टाला विचारला, तर ती हरकत होत नाही. ते त्याचे कर्तव्यच आहे.

या पदाचा भार केवढा असतो, हे ताईमहाराज प्रकरणावरून कळते. ७ ऑगस्ट १८९७ रोजी पुण्याचे सरदार बाबामहाराज मृत्युपत्र करून वारले. त्यांच्या एक्झिक्युटरांत लोकमान्य टिळक आणि अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. पत्नी गरोदर होती. मुलगा न झाल्यास अथवा न जगल्यास एक्झिक्युटरांच्या संमतीने तिने दत्तक घ्यावा, अशी त्यात तजवीज होती. मुलगा झाला, पण जगला नाही. जून १९०१ मध्ये आपल्या शेजारच्या औरंगाबादेत जगन्नाथाचे दत्तविधान झाले. पुढे ताईमहाराजांनी ते नाकारले व प्रोबेट रद्द करण्याचा अर्ज केला. १९०२ मध्ये जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांनी प्रोबेट रद्द केले आणि टिळकांवर खोट्या साक्षीचा खटला ओढवला. १९०४ मध्ये हायकोर्टात ते निर्दोष ठरले. दत्तक खरा ठरायला मात्र १९१५ साल आणि विलायतेतील प्रिव्ही कौन्सिल लागले. मैत्रीखातर घेतलेले काम अठरा वर्षे पुरले! येथे हल्ला बाहेरून होता आणि एक्झिक्युटर मृत्युपत्राच्या बाजूने उभे होते. त्यांची नेहमीची जागा तीच.

पण ही जागा आंधळ्या समर्थनाची नव्हे. १९५८ मध्ये म्हैसूरकडील एका मृत्युपत्राचा निकाल सुप्रीम कोर्टात आपले न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी लिहिला. मृत्युपत्राच्या घडणीत पुढाकार घेतलेला एक्झिक्युटरच ते शाबीत करू पाहत होता. संशयास्पद गोष्टींचा उलगडा मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यानेच केला पाहिजे, हे त्या निकालाने पक्के केले, आणि तो एक्झिक्युटर हरला.

मुसलमान बांधवांचा कायदा वेगळा आहे. तोंडी वसियतही चालते, पण वारसांच्या संमतीवाचून एक तृतीयांशाहून अधिक देता येत नाही. म्हणून तेथे तंटा बहुधा प्रमाणावरून होतो.

आपल्या थोरल्या मुलाने, तेव्हा, तलाठ्याकडे जाण्यापूर्वी वकील गाठावा. मिळकतीला हात लावू नये, भाडे वसूल करू नये, आणि वडिलांच्या आजारपणाचे कागद व दोन्ही साक्षीदारांचे पत्ते आधी जमवावेत. नकाराच्या कागदावर तारीख घालावी आणि एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. धाकट्याचे यात अडत नाही. दुसरा एक्झिक्युटर नसेल तर मृत्युपत्र जोडून कोर्टाकडून व्यवस्थापत्र मागण्याची वाट त्याला मोकळी आहे, आणि थोरल्याची हरकत तेथेच ऐकली जाईल.