सेनिओच्या काठावरची आरोळी

लेखमाला : रणातून रिंगणात / लेखांक सहावा

९ एप्रिल १९४५ची संध्याकाळ. इटलीतल्या सेनिओ नदीच्या उंच बांधावर जर्मन मशीनगन बसवलेल्या, बांधाच्या उतारावर सुरुंग पेरलेले. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमधला शिपाई नामदेव जाधव त्या वेळी आपल्या कंपनी कमांडरचा निरोप्या होता. नगर जिल्ह्यातला, ऐन विशीतला जवान. नदी ओलांडताना भोवतालची माणसं पडली. नामदेवने दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, चढावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी आणलं. मग तो एकटाच परत फिरला आणि मशीनगनच्या मोर्च्यांवर तुटून पडला. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून त्याने हातगोळे फेकले. तिथल्या मशीनगन गप्प झाल्यावर तो बांधाच्या माथ्यावर चढला आणि मराठ्यांची रणगर्जना करत मागच्या कंपन्यांना हाताने खूण करून बोलावू लागला. या पराक्रमासाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि मानपत्रात त्या गर्जनेचा स्पष्ट उल्लेख आहे.

तो ओरडला कधी, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. समोरचे मोर्चे शांत झाल्यावर. म्हणजे घाबरवण्यासारखं त्या काठावर कोणी उरलंच नव्हतं. आरोळी होती ती आपल्याच माणसांसाठी, जी अजून नदीच्या अलीकडे होती आणि ज्यांना त्याच पाण्यात उतरायचं होतं.

त्याच हल्ल्यात शेजारच्या पट्ट्यात न्यूझीलंडची दुसरी डिव्हिजन लढत होती आणि न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरी जवानांची २८वी बटालियन याच डिव्हिजनची. चार वर्षांपूर्वी, जून १९४१ मध्ये, ग्रीसच्या लढाईतून परतलेल्या या बटालियनच्या जवानांनी इजिप्तमधल्या हेलवानच्या छावणीत ग्रीसच्या राजासमोर हाका, म्हणजे आरोळ्या देत समूहाने करायचा माओरींचा नाच, केला होता. त्याची छायाचित्रं आजही पाहायला मिळतात. उघड्या अंगाचे, गुडघे वाकवलेले, डोळे वटारलेले तरुण. त्यातले किती जण घरी परतले असतील, हा विचार ते फोटो पाहताना मनातून जात नाही.

आपल्याकडे हाका माहीत झाला तो टीव्हीवरच्या रग्बीमुळे. सामना सुरू होण्याआधी काळ्या जर्सीतला न्यूझीलंडचा ऑल ब्लॅक्स संघ मांड्यांवर थापा मारतो, जिभा बाहेर काढतो, आणि आपण समजतो की हे समोरच्या संघाला दिलेलं आव्हान. ते आव्हान आहेच. पण माओरी समाजात हाका पाहुण्याच्या स्वागताला होतो, लग्नात होतो, मयतीलाही होतो. हत्यारं घेऊन करायचा खास रणातला प्रकार म्हणजे पेरुपेरु. तो हाकाच्या अनेक प्रकारांतला एक. ऑगस्ट २०१२ मध्ये अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या तीन सैनिकांना निरोप देताना त्यांच्या पलटणीतल्या सोबत्यांनी बर्नहॅमच्या तळावर हाका केला. शवपेट्यांसमोर कोणाला घाबरवायचं होतं? ज्या दुःखासमोर एकट्याने उभं राहणं जमणार नव्हतं, त्यासमोर ते सगळे मिळून उभे राहिले. न्यूझीलंडच्या सैन्याचं माओरी नावही असंच आहे, ‘नगाती तूमाताउएंगा’, युद्धदेव तूमाताउएंगाची जमात. पलटण म्हणजे एक कूळ, ही कल्पना तिथे सरकारी नावातच आली आहे.

ऑल ब्लॅक्समुळे जगभर पोचलेला ‘का माते’ हा हाकासुद्धा मुळात सुटकेचा आहे. साधारण १८२०च्या सुमारास नगाती तोआ जमातीचा सरदार ते राउपाराहा शत्रू मागावर असताना रताळी साठवण्याच्या खड्ड्यात लपला. वर एक बाई बसून राहिली, शोधणारे निघून गेले. मरण की जगणं या टांगणीतून तो बाहेर उजेडात आला आणि त्या क्षणी हे शब्द रचले गेले, असं परंपरा सांगते.

खेळाच्या मैदानावर हाका गेला १८८८-८९ मध्ये, ब्रिटनच्या दौऱ्यावर निघालेल्या ‘नेटिव्ह’ संघाबरोबर. १९०५च्या दौऱ्यात ‘का माते’ झाला. त्यानंतर बरीच दशकं तो बहुतेक परदेशातच होत असे आणि अनेकदा अगदी कसाबसा. जुन्या चित्रफितींत खेळाडू संकोचून हात हलवताना दिसतात. १९८०च्या दशकात वेन शेलफर्ड आणि हिका रीड या माओरी खेळाडूंनी आग्रह धरला की करायचा तर नीट करायचा. सहकाऱ्यांना शब्द, अर्थ, पावलं शिकवली गेली आणि १९८७पासून मायदेशातल्या सामन्यांतही हाका रुजला. २००५ मध्ये डनेडिनला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध डेरेक लार्डेली यांनी रचलेला ‘कापा ओ पांगो’ हा नवा हाका आला. पुढे २०१४ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेने कायदाच केला की ‘का माते’चा व्यापारी वापर करणाऱ्याने ते राउपाराहा आणि नगाती तोआ यांचं श्रेय नोंदवलं पाहिजे. माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासाचा गाभा १९८०च्या दशकातल्या त्या शिकवणीत आहे. ज्याचा अर्थ माहीत नाही, ते अंगात उतरत नाही.

एकाने उचलायचं आणि सगळ्यांनी झेलायचं, हा हाकाचा कणा आहे. तो समजायला सिंधुदुर्गातल्या माणसाला फार लांब जावं लागत नाही. खारेपाटणपासून बांद्यापर्यंत कुठल्याही देवळात गाऱ्हाणं ऐका. एक जाणता माणूस देवापुढे उभा राहून गावाचं मागणं मांडतो. पीक नीट येऊ दे, इडापीडा टळू दे, चाकरमानी सुखरूप राहू दे. प्रत्येक मागण्याला जमलेला गाव एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. वरवर पाहता हा देवाशी संवाद. पण त्या तीन-चार मिनिटांत भावकीतले तंटे, वाडीवाडीतली तेढ सगळं बाजूला पडून गाव एका तोंडाने बोलतो. शिमग्याला पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात तेव्हा हेच खांद्यांमध्ये आणि पायांमध्ये उतरतं. ताल चुकला तर पालखीच हेलकावते, आणि खांदा देणाऱ्याला ते लगेच कळतं.

मग आपल्याकडे हाकाच्या जवळचं काय? मी लेझीम म्हणेन. आज तिला आपण मिरवणुकीचा नाच समजतो, पण मूळचा तो तिरंदाजाचा व्यायाम. सरावाच्या धनुष्याला दोरीऐवजी लोखंडी साखळी लावायची आणि ते ताणून खांदे, छाती, दंड तयार करायचे. इराणच्या आखाड्यांत, झुरखान्यांत, अशाच साखळीच्या लोखंडी धनुष्याने अजूनही मेहनत करतात. आपल्याकडे तालमींनी तिला सांभाळलं, पुढे ती हलकी होत शाळेत आली. शाळेत लेझीम केलेल्याला हुकूम आठवतील : चार आवाज, आठ आवाज, पवित्रा, दो रुख, आगे फलांग. ‘पवित्रा’ हा पट्टा आणि कुस्तीतलाही शब्द. हे पाय लढणाऱ्याचे आहेत.

नीट केलेली लेझीम दमवते. गुडघ्यात वाकून उठायचं, वळायचं, साखळीच्या चकत्या नेमक्या ठेक्यावर वाजवायच्या, आणि शेजाऱ्याकडे न बघता त्याच्याबरोबर राहायचं. घाटावर हलगी आणि घुमकं लागलं की पन्नास जणांचा एकच आवाज येतो. १९८२च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या उद्घाटनात सांगली जिल्ह्यातल्या ४०० जणांनी लेझीम सादर केली. एवढ्या मोठ्या क्रीडासोहळ्यात महाराष्ट्राने जगापुढे काय ठेवायचं, तर लेझीम, हे त्या वेळी कोणाला पटवून द्यावं लागलं नसावं.

जानेवारी २०२५ मध्ये चित्र वेगळं होतं. ‘छावा’ चित्रपटाच्या झलकीत छत्रपती संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले आणि मोठा आक्षेप आला. अखेर दिग्दर्शकांनी ते दृश्य काढून टाकलं. महाराजांचं चित्रण जबाबदारीने व्हावं, ही अपेक्षा रास्तच आहे, आणि चित्रपटातल्या नाचाला तमाशाचं रूप येईल ही भीतीही खोटी नाही. पण लेझीम धरणं म्हणजेच कमीपणा, असा जो सूर त्या वादात उमटला तो मला खटकला. नगाती तोआच्या माणसाला ते राउपाराहाने पाय आपटले म्हणून त्याची प्रतिष्ठा उणावली असं वाटणार नाही. त्यांच्याकडे शब्द, देह आणि मालकी एका ठिकाणी राहिले. आपल्याकडे गर्जना पलटणीत गेली, लेझीम शाळेत, गाऱ्हाणं देवळात. ज्या हातांनी धनुष्य ताणलं जायचं त्या हातांशी लेझमीचं नातं आपण मुलांना सांगितलंच नाही. पाहुण्यांच्या स्वागताला रांगेत उभं करून हलके खुळखुळे हातात दिले, तर मुलांना तो खुळखुळाच वाटणार.

शेलफर्ड आणि रीड यांनी केलं ते आपल्या व्यायामशिक्षकांना करता येईल. २६ जानेवारीच्या तयारीत पहिल्या दिवशी ठेका नको, आधी ही वस्तू काय होती ते सांगावं. एखाद्या जुन्या तालमीतली लोखंडी, वजनदार लेझीम मिळाली तर ती मुलामुलींच्या हातात द्यावी, ताणू द्यावी, दंड भरून येऊ द्यावेत. सेनिओच्या बांधावरच्या नामदेवची गोष्ट सांगावी. मग ‘पवित्रा’चा हुकूम द्यावा. पोरांचे पाय वेगळे पडतील, याची मला खात्री आहे.

पुढच्या आठवड्यात बांद्याच्या पलीकडे, गोव्यात जाऊ. डिचोली आणि सत्तरीत शिमग्याला कमरेभोवती लाकडी घोडा बांधून, हातात तलवार घेऊन ढोल-ताशावर घोडेमोडणी नाचतात आणि तिचा धागा पोर्तुगीजांशी लढलेल्या राणे घराण्याच्या बंडांशी जोडला जातो. १८५२चं दीपाजी राण्यांचं बंड आणि तो नाच, या दोन्हींची गोष्ट तिथे पाहू.