जरा लाइट कमी कर ना!

जळगावात नवा फ्लॅट घेतला की पीओपीचं सीलिंग आलंच. सीलिंग आलं की त्यात बारा-पंधरा लाइट्स आले. सगळे एकदम लागले की हॉल कसला, सराफाचं दुकानच वाटतं! सुवर्णनगरीत राहतो म्हणून घरातही शोरूम थाटायची का? मग आमच्यासारखी मंडळी म्हणतात, बॉस, डिमर बसवूया.

तसं खान्देशाला डिमिंग नवं नाही. लोडशेडिंगच्या काळात संध्याकाळी व्होल्टेज पडायचं आणि पिवळ्या बल्बचा कंदील व्हायचा. व्होल्टेज १० टक्के घसरलं की या बल्बचा उजेड साधारण ३० टक्के कमी होतो. आणि तो 'झिरोचा बल्ब' आठवतो? नाव झिरो, पण खायचा १२-१५ वॉट! जुन्या चकतीच्या मीटरला एवढीशी वीज फारशी कळायची नाही, इतकंच.

मग गोल खुंटीचा इलेक्ट्रॉनिक डिमर आला. आपली वीज सेकंदाला ५० फेऱ्या मारते. हा डिमर प्रत्येक अर्ध्या फेरीचा थोडा तुकडा गाळतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. बल्बची तार तापलेलीच असते, तिला याचा पत्ता लागत नाही. २०१५च्या उजाला योजनेनंतर घरोघरी पोचलेल्या एलईडीचं मात्र तसं नाही. त्याच्या आत सर्किट असतं. जुन्या डिमरवर साधा एलईडी लावला की तो लुकलुकतो, गुणगुणतो, कधी लवकरच राम म्हणतो. आमचा इलेक्ट्रिशियन सांगतो, "भो, डिमर नंतर घे, आधी दिव्याचा डबा वाच!"

कमी उजेडाचं मोल कळायला जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठ्याला जा. लेण्यांमध्ये दिवे मंद आणि फ्लॅशला बंदी. कारण उजेडाने रंगांचं होणारं नुकसान साठत जातं, ते भरून येत नाही. नाजूक वस्तूंसाठी म्युझियममध्ये साधारण ५० लक्सची मर्यादा पाळतात. ऑफिसच्या टेबलावर ५०० लागतात.

पण मंद म्हणजे छान, हा फंडा सगळ्यांना लागू नाही. धुळ्याला आमचे बाबा रात्री दोन-तीनदा उठतात. ट्यूब लावली तर झोप उडते, नाही लावली तर उंबऱ्याला ठेच. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो. आपल्याला 'रोमँटिक' वाटतं, तिथे त्यांना जिना दिसत नाही. म्हणून त्यांच्या वाटेवर जमिनीलगत सेन्सरचे छोटे पिवळे दिवे बसवले आणि पेपर वाचायच्या खुर्चीपाशी भरपूर उजेडाचा लॅम्प ठेवला. डिमरचा खरा अर्थ हाच, ज्याला जेवढा हवा तेवढा उजेड.

खरेदीला निघण्यापूर्वी
* डब्यावर 'डिमेबल' लिहिलेलाच एलईडी घ्या, डिमरही एलईडीसाठीचाच घ्या.
* स्मार्ट बल्ब मोबाइलवरूनच मंद होतो. त्याला वेगळा डिमर लावू नका.
* पंख्याचा रेग्युलेटर दिव्याला नको.
* बजेट कमी? सीलिंगचे लाइट्स दोन-तीन बटणांत वाटून घ्या. सगळ्यात स्वस्त डिमर तोच!