कळसाडीचे मत राष्ट्रपती भवनापर्यंत कसे पोहोचते?

नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडी या गावाचा मतदार ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंतच्या निवडणुकांत स्वतः मत देतो. देशाच्या सर्वोच्च पदाची निवड होते तेव्हा मात्र त्याच्या हाती मतपत्रिका येत नाही. त्याच्या वतीने मत देतात त्याचे आमदार आणि खासदार. २१ जुलै २०२२ रोजी द्रौपदी मुर्मू यांच्या रूपाने पहिल्यांदाच एक आदिवासी व्यक्ती राष्ट्रपतिपदी निवडून आली. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची असलेल्या नंदुरबार जिल्ह्यात या निवडीचे अप्रूप वाटणे स्वाभाविक होते. पण या निवडीत आपल्या आमदाराने नेमके काय केले, हे कळसाडीच्या मतदाराला कधीच कळू शकत नाही. महाराष्ट्राच्या मतदानाचा अर्थ लावण्यासाठी आधी ही पद्धत समजून घ्यावी लागते.

१७५ हा आकडा कोठून आला?

राज्यघटनेच्या ५४ आणि ५५ या अनुच्छेदांनुसार राष्ट्रपतींची निवड संसदेचे आणि विधानसभांचे निर्वाचित सदस्य करतात. नामनियुक्त सदस्यांना आणि विधान परिषदेच्या सदस्यांना हा अधिकार नाही. आमदाराच्या मताचे मूल्य राज्याच्या लोकसंख्येवरून ठरते. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख १२ हजार २३५ होती. तिला आमदारांच्या संख्येने, म्हणजे २८८ ने भागून पुन्हा हजाराने भागले की १७५ हा आकडा येतो. अक्कलकुव्याचा आमदार असो वा मुंबईतील कुलाब्याचा, दोघांच्याही मताचे मूल्य १७५ एवढेच असते. सर्व आमदार मिळून राज्याचे मूल्य ५० हजार ४०० होते. उत्तर प्रदेशच्या ८३ हजार ८२४ नंतर देशात महाराष्ट्राचाच क्रमांक लागतो.

या गणितात १९७१ नंतर जन्मलेल्यांची गणती नाही. कुटुंबनियोजनात यश मिळविणाऱ्या राज्यांचे वजन त्यामुळे घटू नये, या हेतूने १९७६ मधील ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७१ ची लोकसंख्या आधारभूत मानली. ८४ व्या घटनादुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत ही व्यवस्था वाढविण्यात आली. ज्या जनगणनेवर हे मूल्य उभे आहे, त्या वेळी नंदुरबार नावाचा जिल्हाही नव्हता; तो १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या लोकसंख्येचा आधार घेतला असता, तर महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचे मूल्य ३९० झाले असते.

खासदारांच्या मताचे मूल्य आमदारांच्या एकूण मूल्याशी समतोल साधून ठरते. २०२२ मध्ये ते ७०० होते. राज्यातून लोकसभेवर गेलेले ४८ आणि राज्यसभेवर गेलेले १९ सदस्य यांची मते संसद सदस्यांच्या मतांत मोजली जातात. त्यामुळे ‘महाराष्ट्राने कोणाला मत दिले’ असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात मुंबईच्या विधान भवनात मतदान केलेल्या आमदारांविषयीच बोलत असतो.

ना पक्षादेश, ना उघड मत

या निवडणुकीत पक्षाला आपल्या आमदारांवर पक्षादेश बजावता येत नाही. मतदान गुप्त असते. आमदारांना गुलाबी आणि खासदारांना हिरवी मतपत्रिका मिळते. उमेदवारांच्या नावांपुढे पसंतीक्रम लिहावा लागतो आणि तो निवडणूक आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनानेच लिहावा लागतो. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत तशी तरतूद नाही. निकालात राज्यनिहाय बेरीज तेवढी कळते, नावे कळत नाहीत.

आकडे काय सांगतात?

महाराष्ट्राच्या मतदानाचे एक वैशिष्ट्य असे, की येथे आघाड्यांच्या सीमा या निवडणुकीपुरत्या अनेकदा पुसल्या जातात. २००७ मध्ये प्रतिभा पाटील यांच्या उमेदवारीने खानदेशातील जळगावची कन्या राष्ट्रपतिपदाच्या उंबरठ्यावर उभी होती. शिवसेना तेव्हा राष्ट्रीय लोकशाही आघाडीत होती. तरीही आघाडीचा पाठिंबा असलेल्या भैरोंसिंह शेखावत यांना सोडून मराठी उमेदवार म्हणून तिने पाटील यांना साथ दिली.

२०१२ मध्ये शिवसेनेने पुन्हा वेगळी वाट धरली आणि प्रणव मुखर्जी यांना पाठिंबा दिला. राज्यात मुखर्जी यांना २२५, तर पी. ए. संगमा यांना ४७ मते मिळाली. मेघालयातील गारो समाजाचे संगमा हे आदिवासी उमेदवार म्हणूनच रिंगणात उतरले होते आणि देशाला आदिवासी राष्ट्रपती मिळावा हेच त्यांचे आवाहन होते. महाराष्ट्राच्या विधानसभेत अनुसूचित जमातींसाठी २५ जागा राखीव असूनही या आवाहनाने राज्याच्या मतदानाची दिशा बदलली नाही.

२०१७ मध्ये रामनाथ कोविंद यांना २०८ आणि मीरा कुमार यांना ७७ मते पडली, दोन मते बाद झाली. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसचे ४२ आणि राष्ट्रवादी काँग्रेसचे ४१, असे ८३ आमदार निवडून आले होते. या दोन पक्षांच्या उमेदवाराला त्यांच्या संख्याबळाएवढीही मते मिळाली नाहीत, हे उघड आहे. ती कोणाची फुटली, हे मात्र गुप्त मतदानामुळे कायमचे अनुत्तरित राहिले.

२०२२ ची निवडणूक राज्यातील सत्तांतराच्या धामधुमीत झाली. एकनाथ शिंदे यांचे सरकार ३० जूनला सत्तेवर आले आणि ४ जुलैला विश्वासदर्शक ठराव १६४ विरुद्ध ९९ मतांनी संमत झाला. उद्धव ठाकरे यांचा पक्ष विरोधी बाजूस होता आणि त्यांचे मित्रपक्ष यशवंत सिन्हा यांच्या पाठीशी होते. तरीही १२ जुलैला ठाकरे यांनी मुर्मू यांना पाठिंबा जाहीर केला. त्यापूर्वी पक्षाच्या खासदारांनी तसा आग्रह धरला होता. निर्णय सांगताना ठाकरे यांनी पक्षातील आदिवासी नेत्यांच्या विनंतीचा उल्लेख केला. त्यांत नंदुरबार जिल्ह्यातील आमश्या पाडवी यांचे नाव होते. पाडवी त्याच वर्षी जूनमध्ये विधान परिषदेवर निवडून आले होते. त्यामुळे ज्यांच्या विनंतीचा दाखला देण्यात आला, त्या पाडवींना स्वतःला या निवडणुकीत मतदानाचा अधिकार नव्हता.

१८ जुलैला मतदान झाले. राज्यात मुर्मू यांना १८१ मते मिळाली, म्हणजे ३१ हजार ६७५ मूल्य; सिन्हा यांना ९८, म्हणजे १७ हजार १५०. चार मते बाद ठरली. या निकालानंतर मते फुटल्याची चर्चा रंगली. पण आकडे जपून वाचायला हवेत. सरकारच्या बाजूच्या १६४ मतांत ठाकरे गटाच्या सुमारे १५ आमदारांची भर घातली, तर बेरीज १७९ च्या आसपास जाते. १८१ हा आकडा त्याहून फार दूर नाही. सिन्हा यांची ९८ मते ठरावाविरोधातील ९९ मतांच्या जवळ दिसतात, पण हे साम्य फसवे आहे. त्या ९९ मध्ये ठाकरे गटाची मते होती आणि काँग्रेस व राष्ट्रवादीचे अनेक आमदार त्या दिवशी सभागृहात वेळेत पोहोचले नव्हते. एकंदर पाहता, पक्षांच्या जाहीर भूमिकांवरून जे अपेक्षित होते, ते बहुतांशी घडले.

संगमांना ४७ आणि मुर्मूंना १८१. दोघेही आदिवासी उमेदवार, पण दोघांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या पक्षांचे बळ निराळे. आदिवासी प्रतिनिधित्वाच्या मुद्द्याने एका पक्षाची भूमिका वळविली, हे खरे. राज्याचे मतदान मात्र मुख्यतः पक्षांच्या गणितानेच ठरले.

कळसाडीच्या मतदाराचा प्रश्न

आता पुन्हा नंदुरबारकडे वळू. जिल्ह्यातील अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार आणि नवापूर हे चारही विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. २०१९ मध्ये शहादा आणि नंदुरबार येथे भाजपचे, तर अक्कलकुवा आणि नवापूर येथे काँग्रेसचे उमेदवार निवडून आले होते. भाजपने मुर्मू यांना उमेदवारी दिली होती, काँग्रेसचा पाठिंबा सिन्हा यांना होता. म्हणजे पक्षनिष्ठेने मतदान झाले असेल, तर या आदिवासीबहुल जिल्ह्याची मते दोन-दोन अशी विभागली गेली असतील. तसे झाले की नाही, हे त्या चौघांनाच ठाऊक.

गुप्ततेचे समर्थन करता येते. पक्षश्रेष्ठींचा धाक आणि प्रलोभन यांपासून आमदाराच्या सद्सद्विवेकाला संरक्षण मिळावे, हा तिचा हेतू आहे. पण जी मतपत्रिका पक्षापासून झाकली जाते, ती मतदारापासूनही झाकली जाते. राष्ट्रपती मुर्मू यांची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते. त्यानंतरच्या राष्ट्रपतीची निवड २०२४ मध्ये निवडून आलेले आमदार करतील. मतदानानंतर आमदाराला जाब विचारण्याची सोय नाही. पण मतदानापूर्वी ‘आमचे मत कोणाला देणार आणि का?’ असे विचारण्यास कोणतीही आडकाठी नाही. कळसाडीच्या मतदाराच्या हाती असलेला अधिकार तेवढाच आहे, आणि तो मतदानाच्या आधीच वापरावा लागतो.