कान दुखतोय? बाटली खाली ठेवा!

निघोजेच्या कंपनीतून सेकंड शिफ्ट करून घरी येता, तर पिल्लू कान धरून रडतंय. आजी म्हणते, ‘लसणीचं तेल घाल.’ तुम्हाला आठवते मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकची बाटली. बॉस, दोन्ही नको! आधी डॉक्टरांना कान दाखवा.

मूल दोन वर्षांवरचं, त्रास सौम्य असेल, तर फक्त दुखणं कमी करणारं औषध देऊन डॉक्टर ४८ ते ७२ तास वाट पाहू शकतात. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१३ची मार्गदर्शिकाही हेच सांगते, कारण पुष्कळदा कान आपोआप बरा होतो. मात्र सहा महिन्यांच्या आतलं बाळ, ३९ अंश ताप किंवा कानातून पू असेल, तर थांबणं नाही! उगाच पाजलेल्या अँटिबायोटिकला जंतू सरावतात. मग खऱ्या गरजेला तेच औषध दगा देतं.