भिंत आपली, शिंतोडे शेजाऱ्याचे

चार महिन्यांच्या पर्जन्यधारा ओसरल्या की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील इमारतींवर शेवाळाचे काळे-हिरवे थर उरतात. लक्ष्मीच्या स्वागतापूर्वी ते निघावेत, ही गृहस्थाची इच्छा साहजिकच. पूर्वी हे काम खराटा व काथ्या करी. आता दाबाच्या पाण्याचे यंत्र घेऊन फिरणारे तरुण व्यावसायिक ते पत्करतात.

घरच्या नळाला दाब अगदी कमी असतो. या यंत्राच्या धारेला १०० बार वा अधिक. तिने फरशी उजळते. परंतु चुन्याचा रंग, जुने सांधे वा विजेची पेटी तिच्यासमोर आली की सेवेचा अपाय होतो. म्हणून जाणता कारागीर आधी कोपऱ्यातील वीतभर जागा धुऊन पाहतो, मगच दर सांगतो.

त्याची खरी परीक्षा मात्र शेजारी घेतात. वरच्या मजल्यावरील गढूळ पाणी खालच्या सज्जातील कपड्यांवर, अंगणातील रांगोळीवर उतरते. यंत्राची घरघर वामकुक्षी मोडते. आदल्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर वेळ लिहावी, दुपार टाळावी, जाताना जिना व गटार स्वच्छ करून द्यावे. असे करणाऱ्यास पुढील वर्षी शेजारची इमारतही बोलाविते.

कल्याण-डोंबिवलीची तहान उल्हास नदी भागविते. पाणीकपातीच्या दिवशी धार सोडणे शोभत नाही. काम पुढे ढकललेले बरे.

दिवाळीच्या पहिल्या पहाटे फडके रस्ता तरुणाईने फुलेल. त्याआधी भिंती अवश्य उजळाव्यात; शेजाऱ्याचे मन मलिन होऊ नये, एवढीच आमची विनंती.